मोतीबिंदूची शुश्रूषा : सूचना आणि त्यांमागची कारणे

दिवाळीच्या सुटीत तालुक्याच्या शाळेत नेत्रशिबिर भरत असे, हे आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. बाके व्हरांड्यात रचून ठेवलेली, वर्गात सतरंज्या अंथरलेल्या आणि त्यांवर ओळीने निजलेली, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसे. फळ्यावर शेवटच्या तासाचे गणित तसेच राहिलेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आमच्या आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अशाच एका शिबिरात झाले. तिला बजावण्यात आले होते : हलायचे नाही, कूस बदलायची नाही, खोकायचे नाही, शिंक आली तर दाबायची, शौचाला जोर करायचा नाही. 'का?' असे तिने विचारले नाही आणि कुणी आपण होऊन सांगितलेही नाही.

सहा आठवड्यांनी तिला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तो तिने दोन दिवस लावला आणि मग कोनाड्यात ठेवून दिला. 'चष्मा लावला की जिना अंगावर येतो,' असे ती म्हणे. आम्हा मुलांना ती हट्टी वाटे. पुढे भिंगांचा अभ्यास करताना लक्षात आले, की जिना तिच्या अंगावर खरोखरच येत होता. आजीचे निरीक्षण अचूक होते. तिला त्याचे कारण आणि त्यावरचा उपाय कुणी शिकवला नव्हता, एवढेच.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांचा आणि त्यांच्या हत्यारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याला दुसरीही एक बाजू आहे. शस्त्रक्रिया पाच-दहा मिनिटांत संपते. त्यानंतरचे दिवस रुग्णाने कसे काढायचे, त्याला काय सांगायचे आणि ते कुणी सांगायचे, याचाही एक इतिहास आहे. या लेखात आपण ती बाजू पाहू.

सुश्रुताचे दहा दिवस

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. या भिंगातून प्रकाश पलीकडे जात नसेल, तर ते वाटेतून दूर करणे हाच उपाय. त्याचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आढळते. फार उष्ण नाही आणि फार थंडही नाही अशा काळी रुग्णाला बसवावे, त्याने स्वतःच्या नाकाकडे पाहावे, आणि वैद्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जवाच्या टोकासारखी शलाका आत घालावी, असे तेथे सांगितले आहे. डावा डोळा असेल तर उजव्या हाताने आणि उजवा असेल तर डाव्या हाताने ही क्रिया करावी, इतका बारकावा त्यात आहे.

या क्रियेत नेमके काय घडत असे, याबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पण पुढे शतकानुशतके जगभर जी पद्धत चालू राहिली, तिच्यात गढूळ भिंग बाहेर काढत नसत. शलाकेने ते त्याच्या जागेवरून सोडवून डोळ्याच्या मागच्या पोकळीत, तळाशी ढकलून देत. प्रकाशाची वाट मोकळी होई आणि रुग्णाला लगेच अंधुकसे दिसू लागे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतर येतो. डोळ्यात तूप घालून त्यावर पट्टी बांधावी. रुग्णाने त्रास न होईल अशा घरात उताणे निजावे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे आणि अंग हलवणे टाळावे. दर तीन दिवसांनी पट्टी सोडून काढ्याने डोळा धुवावा. असे दहा दिवस पाळावे आणि आहार हलका व बेताचा ठेवावा. आमच्या आजीला मिळालेल्या सूचना याहून फार वेगळ्या नव्हत्या!

यामागचे कारण सुश्रुताच्या परिभाषेत वातादी दोषांचे आहे. आज आपण तीच गोष्ट भौतिकीच्या भाषेत मांडू शकतो. डोळा हा द्रवाने भरलेला, ताठ राहणारा गोल आहे. आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका अधिक असतो. १५ मि.मी. पारा म्हणजे पाण्याचा सुमारे २० सें.मी. उंचीचा स्तंभ. खोकताना, शिंकताना किंवा कुंथताना छातीतील व पोटातील दाब वाढतो, डोक्याकडून परतणारे रक्त क्षणभर तुंबते आणि डोळ्यातील दाबही एकदम चढतो. धडधाकट डोळ्याला त्याचे काही वाटत नाही. पण ज्या डोळ्याला छिद्र आहे किंवा ज्यातील भिंग आधाराशिवाय आत मोकळे पडले आहे, त्याला तो धक्का महागात पडतो. ढकललेले भिंग पुन्हा वर तरंगून येऊ शकते किंवा आत रक्तस्राव होऊ शकतो. कारणमीमांसा वेगळी असली, तरी सूचना निरीक्षणातून आलेली होती.

भिंग बाहेर आले, जखम मोठी झाली

भिंग आत ढकलण्याच्या पद्धतीत डोळे गमावण्याचे प्रमाण मोठे होते. जंतूंची कल्पना नसल्यामुळे हत्यारे स्वच्छ नसत. आत राहिलेल्या भिंगामुळे डोळा सुजे किंवा त्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाई. प्रसिद्ध संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या डोळ्यांवर १७५० साली लाइपझिग येथे जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने दोन वेळा शस्त्रक्रिया केली. बाखला दृष्टी आली नाहीच, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचा मृत्यू झाला. आपल्याकडेही गावोगाव फिरून सुईने मोतीबिंदू 'उतरवणारे' लोक विसाव्या शतकापर्यंत होते. मद्रासमध्ये काम केलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट या नेत्रशल्यकाने १९१७ साली लंडनमध्ये दिलेली व्याख्याने या देशी पद्धतीच्या आणि तिने झालेल्या नुकसानीच्या अभ्यासावरच होती.

भिंग ढकलण्याऐवजी डोळ्यातून बाहेर काढण्याची पद्धत झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यकाने रूढ केली. १७४७ साली त्याने तशी पहिली शस्त्रक्रिया केली आणि १७५३ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. २०६ शस्त्रक्रियांपैकी १८२ यशस्वी झाल्याचे त्याने नोंदवले आहे. ही सर्व कामगिरी भुलीच्या औषधाशिवाय झाली, हे लक्षात घ्यावे. डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचा उपयोग व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने शोधला तो १८८४ साली, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

दाव्हिएलच्या पद्धतीत दृष्टी मिळण्याची शक्यता वाढली, पण शुश्रूषा मात्र अधिक अवघड झाली. याचे कारण साध्या भूमितीत आहे. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. त्याचा व्यास सुमारे १२ मि.मी. असतो, म्हणजे परीघ ३७ ते ३८ मि.मी. झाला. संपूर्ण भिंग बाहेर काढायचे तर या परिघाचा निम्मा भाग कापावा लागे, म्हणजे जवळजवळ १८-१९ मि.मी. लांबीची जखम. आपल्या अंगठ्याच्या नखाच्या रुंदीपेक्षाही ही लांबी जास्त भरेल. आणि एवढ्या जखमेला टाके घालत नसत! घालणार तरी कशाने? इतक्या नाजूक जागी चालतील अशा सुया आणि धागे नव्हते. बोस्टनचे हेन्री विलार्ड विल्यम्स यांनी १८६७ च्या सुमारास पारपटलाला रेशमाचा टाका घालून दाखवला, पण ही पद्धत सर्वत्र रुळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले.

शिवाय पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्या नसतात म्हणूनच ते पारदर्शक राहते. पण रक्तपुरवठा नाही म्हणून तेथील जखमही सावकाश भरते. तोवर जखमेच्या दोन कडा एकमेकींना चिकटून राहतात त्या केवळ पापण्यांच्या आणि पट्टीच्या आधाराने. अशा वेळी एक जोराची शिंक आली, तर कडा उघडून परितारिकेचा रंगीत पडदा जखमेत अडके, किंवा मागचा जेलीसारखा काचाभ द्रव बाहेर येई. डोळा तेथेच संपला.

वाळूच्या पिशव्या

आता परिचारिकेच्या कामाकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोतीबिंदूच्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर अनेक दिवस उताणे निजवून ठेवत. दोन्ही डोळे बांधलेले असत. वास्तविक शस्त्रक्रिया एकाच डोळ्यावर झालेली असे. पण आपले दोन्ही डोळे नेहमी जोडीने फिरतात. उघडा डोळा काही पाहायला वळला, की बांधलेलाही वळतो. म्हणून दोन्ही बंद. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत. चावताना जबड्याचे व कानशिलाचे स्नायू हलतात, म्हणून पातळ अन्न चमच्याने किंवा तोटीच्या भांड्याने भरवत. झोपेत हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून काही ठिकाणी हात सैलसे बांधूनही ठेवत.

प्रत्येक सूचनेला कारण होते. पण रुग्ण साठी-सत्तरीचा असे, आणि म्हाताऱ्या शरीराला दहा दिवस निश्चल राहणे मानवत नाही. पाठीला व कुल्ल्यांना शय्याव्रण होत. फुप्फुसांच्या मागच्या भागात कफ साचून न्यूमोनिया होई. लघवी अडे, बद्धकोष्ठ होई आणि मग कुंथण्याची वेळ येई, म्हणजे जे टाळायचे तेच! डोळा वाचवताना माणूस आजारी पडू नये, ही कसरत परिचारिकेची असे. पाठ पुसणे, टाचांखाली आधार देणे, डोके न हलवता चादर बदलणे, दीर्घ श्वास घ्यायला लावणे, पण खोकू न देणे, ही कामे नवख्या हाताची नव्हेत.

आणखी एक संकट होते. शांत निजलेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एकाएकी उठून बसे, नसलेली माणसे दिसू लागत, आपल्याला कोंडले आहे असे वाटून तो पट्ट्या ओरबाडून काढी. वय झाल्यामुळे भ्रमिष्ट झाला, अशी समजूत करून त्याला अधिक घट्ट बांधत आणि तो अधिकच खवळे. ही स्थिती डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. १९५८ साली एव्हरी वाइझमन आणि थॉमस हॅकेट या बोस्टनच्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोळे बांधल्यामुळे दिवस की रात्र, आपण कुठे आहोत, जवळ कोण आले, काहीच कळत नाही. बाहेरून माहिती येणे थांबले, की मेंदू ती जागा स्वतःच्या कल्पनांनी भरून काढतो. त्यांनी सुचवलेला उपाय औषधाचा नव्हता. रुग्णाशी ओळखीचे नाते जोडायचे, काय चालले आहे ते त्याला सांगत राहायचे आणि आजूबाजूच्या जगाचा अर्थ लावायला मदत करायची, असा तो उपाय होता.

चांगल्या परिचारिका हे आधीपासून करत होत्या. खाटेजवळ येताना नाव घेऊन हाक मारायची, आपण कोण ते सांगायचे, स्पर्श करण्याआधी काय करणार ते बोलायचे, सकाळ झाल्याचे सांगायचे, पाण्याचा पेला कुठे आहे ते रुग्णाच्या हाताला दाखवून ठेवायचे आणि जाताना 'मी निघाले' म्हणायचे. न सांगता निघून गेले, तर रुग्ण रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

येथे डोळ्याचा प्रश्न कानाशी येऊन भिडतो. उतारवयात दृष्टीबरोबर श्रवणही मंदावते. कमी ऐकू येणारा माणूस नकळत समोरच्याच्या ओठांकडे पाहून बरेचसे समजून घेत असतो. डोळे बांधले की हा आधारही जातो. अशा रुग्णाशी ओरडून बोलण्याचा उपयोग होत नाही. वयोमानाने येणारा बहिरेपणा प्रथम उच्च कंप्रतेच्या आवाजांचा असतो, आणि आपण ओरडू लागलो की आपला आवाज चढतो, म्हणजे त्याची कंप्रताही वाढते. बरे ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसून, संथपणे, खालच्या पट्टीत, छोटी वाक्ये बोलणे हा योग्य मार्ग आहे. श्रवणयंत्र असेल तर ते कानात राहू द्यावे. ही सूचना आजच्या घरातही तितकीच उपयोगी आहे.

जिना अंगावर का येतो?

टाके सर्रास घातले जाऊ लागले, सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णाला लवकर उठवू लागले. वाळूच्या पिशव्या गेल्या. राहिला तो चष्मा.

भिंग काढलेल्या डोळ्याला सुमारे १० ते १२ डायॉप्टर शक्तीचे बहिर्गोल भिंग लागते. मूळ भिंग डोळ्याच्या आत होते. चष्म्याचे भिंग बाहेर, डोळ्यापासून सव्वा-दीड सेंटिमीटर दूर असते. या अंतरामुळे दृष्टिपटलावरील प्रतिमा सुमारे पाव पटीने मोठी होते. मोठे दिसले की मेंदू ते जवळ आहे असे मानतो. पेला हाताच्या अलीकडे भासतो, पाणी बाहेर सांडते, पायरी अंगावर येते. शिवाय जाड भिंगाच्या कडेशी प्रकाश इतका वळतो, की समोरच्या दृश्याचा एक कडीसारखा भाग भिंगातूनही दिसत नाही आणि भिंगाच्या बाहेरूनही दिसत नाही. बाजूने येणारी सायकल या कडीत लपलेली असते आणि एकदम समोर उपटते. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर एक प्रतिमा मोठी आणि एक लहान. दोन्हींचा मेळ बसत नाही.

यावर शिकवण्याजोगे उपाय होते. बाजूला पाहायचे तर डोळे न फिरवता मान वळवायची, म्हणजे नजर भिंगाच्या मध्यातूनच जाते. पाणी ओतताना तांब्याची कड पेल्याला टेकवायची. जिना उतरताना हात कठड्यावर ठेवून पायरी पायाने चाचपायची. पहिले काही दिवस चष्मा बसूनच वापरायचा. परिचारिकांच्या शिक्षणात हे उपाय शिकवले जात. पण जेथे एका दिवसात शेकडो शस्त्रक्रिया होत, तेथे हे रुग्णापर्यंत पोचवायला वेळ कुणाला होता? कर्नाटकाच्या डॉ. मुरुगप्पा मोदी यांच्यासारख्या शल्यकांनी गावोगाव शिबिरे घेऊन असंख्य लोकांना दृष्टी दिली, हे ऋण मोठे आहे. मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही चष्मा फुटल्यामुळे, हरवल्यामुळे किंवा न झेपल्यामुळे पुन्हा आंधळ्यासारखे जगणारे लोक खेड्यांतून राहिले. आमची आजी त्यांतलीच एक.

या चष्म्यावरचा खरा तोडगा लंडनच्या हॅरल्ड रिडले यांनी दिला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे कण शिरत. ते डोळ्यात राहूनही फारशी आग होत नाही, हे त्यांनी पाहिले होते. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही? (विद्यार्थ्यांच्या भाबड्या प्रश्नांना उत्तर देताना शिक्षकांनी हा प्रसंग आठवावा.) २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडले यांनी सेंट टॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग प्रथम डोळ्यात बसवले. सहकाऱ्यांचा विरोध मावळून ही पद्धत रूढ व्हायला आणखी तीसेक वर्षे लागली. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची पद्धत काढली; दातांवरील कीट काढणाऱ्या यंत्रावरून त्यांना ती सुचली.

भारतात सर्वसामान्यांपर्यंत ही भिंगे पोचवण्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केले. १९९२ साली स्थापन झालेल्या ऑरोलॅब या त्यांच्या संस्थेने डोळ्यात बसवायची भिंगे अल्प किमतीत तयार केली. खेड्यांतील मुलींना निवडून नेत्रशुश्रूषेचे शिक्षण द्यायचे आणि रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणे हा कामाचाच भाग मानायचा, ही तेथील पद्धत आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. १९७६ सालीच अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. शाळांतील तात्पुरती शस्त्रक्रियागृहे हळूहळू बंद झाली. शिबिरात तपासणी करायची आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात करायची, ही पद्धत आली.

जखम लहान झाली, शिकवणे वाढले

जखमेची लांबी पुन्हा पाहू. दाव्हिएलच्या पद्धतीत १८-१९ मि.मी.; विसाव्या शतकाच्या अखेरीस टाके घालून केलेल्या शस्त्रक्रियेत १० ते १२ मि.मी.; बिनटाक्यांच्या बोगद्यासारख्या छेदात ६ ते ७ मि.मी.; आणि चुरा करण्याच्या पद्धतीत २ ते ३ मि.मी. बोगद्यासारखा तिरपा छेद तर आतल्या दाबानेच मिटून राहतो. आतील दाब बोगद्याचे आतले ओठ एकमेकांवर दाबून धरतो. जो दाब सुश्रुतापासून शत्रू मानला गेला, त्यालाच पहारेकरी केले!

त्यामुळे रुग्ण आता त्याच दिवशी चालत घरी जातो. एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटते. पूर्वी दहा दिवस जी काळजी परिचारिका घेत असे, ती आता घरच्यांनी घ्यायची असते. डोळ्यात थेंब घालणारा हात सुनेचा किंवा नातवाचा असतो. हात साबणाने धुवायचे. खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत एक थेंब सोडायचा. बाटलीचे टोक पापणीला टेकू द्यायचे नाही. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालायचे, नाही तर पहिले वाहून जाते. डोळा चोळायचा नाही. सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. दुखू लागले, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, कारण डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असेल तर काही तासांनीही फरक पडतो. हे सारे जाण्यापूर्वीच्या पाच-दहा मिनिटांत समजावून द्यायचे असते. आता शिकवणे हाच शुश्रूषेचा मोठा भाग झाला आहे.

आणि येथेच कारण सांगण्याचे महत्त्व कळते. कारण न सांगितलेली सूचना दोन प्रकारे घात करते. एक तर ती मोडली जाते. आजीचा चष्मा कोनाड्यात गेला तसा. किंवा ती गरज संपल्यावरही टिकून राहते. 'मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही' हे वाक्य आपण आजही घरोघर ऐकतो. एके काळी ते बरोबर होते. न पिकलेल्या भिंगाचा चिकट भाग डोळ्यात मागे राही आणि त्रास देई. शिवाय जाड चष्म्यातून दिसणाऱ्या जगापेक्षा अर्धवट मोतीबिंदूतून दिसणारे जग बरे असे. आज ही दोन्ही कारणे उरलेली नाहीत. उलट अति पिकलेले भिंग कडक होते, काढायला अवघड जाते, आणि क्वचित त्यातून झिरपणाऱ्या पदार्थांमुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत येते. दाबाने गेलेली येत नाही. 'ऑपरेशन थंडीतच करावे' हेही तसेच. दहा दिवस पट्ट्या बांधून निजायचे, तर घाम आणि माश्या नकोत आणि शेतीची कामेही आटोपलेली असावीत, म्हणून हिवाळा सोयीचा होता. आता वैशाखातही हरकत नाही. पण कारण विसरले गेले आणि नियम राहिला. म्हणून कितीतरी म्हातारी माणसे 'पिकण्याची' आणि 'थंडीची' वाट पाहत उंबऱ्याला अडखळून पडत असतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक हातभिंग आणि आखीव वही घ्या. भिंग वहीपासून तीन-चार सेंटिमीटर वर धरा. भिंगातून किती रेघा दिसतात ते मोजा आणि भिंगाच्या कडेबाहेर, दोन्ही बाजूंना, रेघा कुठून सुरू होतात ते पाहा. भिंगाने जेवढ्या रेघा झाकल्या आहेत, त्यापेक्षा कमी रेघा त्यातून दिसतील. उरलेल्या रेघा कुठे गेल्या? त्या भिंगातही नाहीत आणि भिंगाबाहेरही नाहीत. जाड चष्म्यातून पाहणाऱ्याची न दिसणारी कडी ती हीच. (भिंगातून सूर्याकडे पाहू नये, ही सूचना मुलांना कारणासह द्यावी.)

दुसरा प्रयोग जोडीने करायचा. एकाने डोळ्यांवर रुमाल बांधून दहा मिनिटे बाकावर निजायचे. दुसऱ्याने पहिली पाच मिनिटे न बोलता त्याच्याभोवती वावरायचे, अधूनमधून त्याच्या हाताला स्पर्श करायचा. पुढची पाच मिनिटे तेच करायचे, पण प्रत्येक वेळी आधी नाव घेऊन आणि काय करणार ते सांगून. मग दोघांनी जागा बदलायच्या आणि दोन्ही वेळा काय वाटले ते वहीत लिहायचे.

शेवटी मुलांना घरचा अभ्यास द्यावा. घरात किंवा शेजारी ज्यांचा मोतीबिंदू काढला आहे, त्यांना भेटून विचारायचे : कोणत्या साली, तेव्हा काय काय पाळायला सांगितले होते, आणि त्याचे कारण कुणी सांगितले होते का? सालांप्रमाणे उत्तरे मांडली, तर या लेखातील निम्मा इतिहास वर्गाच्या फळ्यावर आपोआप उमटेल. आणि त्या फेरीत एखादे आजोबा 'अजून पिकला नाही' म्हणून थांबलेले भेटले, तर त्यांना काय सांगायचे ते मुलांना ठाऊक असेल.